अक्काचा प्रबंध

अक्का मुलाखतीला जायची आणि प्रश्न एकही विचारायची नाही. आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. ती वयानं मोठी, शाहूपुरीतल्या व्यापारी लिंगायत घरातली सून, म्हणून विभागात सगळ्यांचीच अक्का. तिचा विषय होता फक्त मुलीच असलेल्या आया.

एकदा गगनबावड्याकडच्या एका गावात मी तिच्याबरोबर गेले होते. रेकॉर्डर चालू करून अक्का त्या घरच्या बाईबरोबर शेंगा फोडायला बसली आणि चक्क स्वतःचंच सांगत सुटली. धाकटी झाली तेव्हा बारशापर्यंत सासूबाईंनी बाळाला हात लावला नव्हता, ते सगळं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिचं सांगून झालं तशी ती बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "माझ्याबी हितं तसंच झालं की, बाई," आणि दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली.

परतताना एसटीत मी विषय काढला. अक्का म्हणाली, "मी माझं झाकून ठेवायचं आन् तिनं तेवढं उघडायचं, व्हय गं?"

सरांच्या परदेशी पुस्तकांत मात्र संशोधकानं तोंड मिटून बसायचं असतं. मुलाखती प्रबंधाला जोडायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "तुमचं बोलणं गाळा, तिथं प्रश्न घाला."

"न विचारलेले प्रश्न कसे घालू, सर?"

"मग जसंच्या तसं जोडा. तुमचं नाव तर वरच आहे."

जसंच्या तसं जोडायचं, तर ते घरात वाचलं जाणार. सासूबाईंनी सून डॉक्टर होणार म्हणून गल्लीभर सांगून ठेवलेलं. आणि धाकटीला तर आता आजीशिवाय घास उतरत नव्हता. "ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घाल," मी सुचवलं. "त्येबी खोटंच की," अक्का म्हणाली. मुदत संपली, तिनं वाढवून घेतली, तीही संपली. मला तिचा राग यायचा, सरांचा त्याहून जास्त. माणसांना तिच्यासारखं बोलतं करणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

परवा तिच्या घरी गेले. सासूबाई नातीच्या वेण्या घालत होत्या. मला पाहून कौतुकानं म्हणाल्या, "आमची सून अजून लिहितीया. लई मोठं पुस्तक हाय त्ये."

"मीच पहिल्यांदा वाचणार," धाकटी म्हणाली.

अक्कानं माझ्या हातात चहाचा कप दिला आणि तिच्याकडं न बघता म्हणाली, "आधी शाळंचं वाच."