बरणी, पेला, वाटी

आईला आयुष्यात पहिल्यांदा फुलांचा गुच्छ मिळाला, आणि मी तिच्यावर ओरडले.

कळंबोलीच्या बालवाडीतून ती त्या दिवशी निवृत्त झाली होती. निरोप समारंभाला बाबा नव्हते. दोन दिवसांपूर्वी न्यूमोनिया होऊन ते अतिदक्षता विभागात दाखल झाले होते. तोंडावरचा मास्क बाजूला करून त्यांनीच तिला बजावलं होतं, "तू जा. आणि काय काय मिळालं ते आणून दाखव मला."

आमच्या घरात गुच्छ येत नसत. 'हार-तुरे बंद करा, पुस्तक द्या' हे पत्रक बाबांनीच लिहिलेलं. नऊ वर्षांची असताना मी ते कामोठ्यात दारोदार वाटलं होतं. मला अक्षरओळखसुद्धा पत्रकांवरच झाली. त्यामुळे गुलाब, जरबेरा आणि शेवंतीचा तो चकचकीत कागदातला डोलारा पाहून माझं डोकं फिरलं.

"घेतलासच कशाला? नाही म्हणायचं तोंडावर!"

"पोरं एवढ्या हौसेनं देत होती, त्यांच्या तोंडावर?" आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी मला लग्नातही फूल दिलं नाही. पत्रकं दिली. आता हा गुच्छ त्यांच्या नाकासमोर धरणार आहे मी. चिडू देत किती चिडायचं ते."

तिला त्यांचं चिडणं हवं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

घरात फुलदाणी नव्हती. आईला फुलांतलं ठाऊक होतं ते गजऱ्यापुरतं. तिनं गुच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला, पिकलेल्या चिकूंशेजारी. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो, तर नर्सनं दारातच अडवलं. फुलं आत चालत नाहीत, जंतुसंसर्ग होतो. मी आवाज चढवला, नियम लेखी दाखवा म्हणाले. तिनं माझ्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे तो लेखी होता, मोठ्या अक्षरांत. आणि नियम बरोबर होता, हे सगळ्यात वाईट. चुकीच्या नियमाशी कसं भांडायचं ते मला शिकवलेलं आहे.

"मग ते घरी येईपर्यंत टिकवू," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी बाबांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. औषधानं झोपवलं. आता फोटोही दाखवता येणार नव्हता. गुलाबांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. मी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती मूळच्या कामोठे गावातली, तोंडाची फटकळ.

"चिकूजवळ ठेवलीस? शिकलेली ना तू? पिकल्या फळाजवळ फूल लगेच मान टाकतं."

"मी वरून पाणीही मारत होते. तुम्ही मारता तसं."

"आमी मारतो ते तुमाला ताजी दिसायला. पाणी देठाला लागतं, डोक्याला नाय. रोज देठ खालून तिरका काप. पाण्यात बुडतील ती पानं काढ. पाणी रोज बदल."

"मग किती दिवस टिकतील?"

"तुला किती पायजेत?"

"माहीत नाही."

"मग मी कसं सांगू, बाय?"

आईनं लोणच्याची काचेची बरणी राखेनं घासून, उन्हात ठेवून तिचा वास घालवला. रोज सकाळी मी कात्री घेऊन बसत असे. गुलाब पाचव्या दिवशी गेले. जरबेरा सहाव्या दिवशी वाकला. मी त्याच्या देठाला झाडूची काडी बांधली, तरी वाकला. चार वाजता, भेटीच्या वेळी, डॉक्टर म्हणत, "अठ्ठेचाळीस तास बघू." ते संपले की पुन्हा अठ्ठेचाळीस. मी घरी येऊन कागद पुढे ओढायचे. कशाहीविरुद्ध एक पत्रक निघू शकतं असं मी मानत आले आहे. पण हे कुणाविरुद्ध काढू? डॉक्टर रात्रंदिवस राबत होते. नर्स बाबांची नखं कापत होती.

शेवंती तेवढी टिकली. पण रोज कापून तिचा देठ आखूड झाला. ती बरणीत बुडायला लागली तेव्हा मी तिला स्टीलच्या पेल्यात हलवलं. पेला खोल पडला तेव्हा वाटीत. फूल वाचवायचं म्हणून मी रोज त्याचं थोडं थोडं कापत होते, आणि आई शेजारी बसून बघत होती. एकदा म्हणाली, "ते बघून काय म्हणतील माहितेय? 'एवढ्यात एक पुस्तक आलं असतं.'" आणि बाबांच्या आवाजात म्हणून तिनंच हसून घेतलं.

आज अकरावा दिवस. सकाळी कात्री हातात घेतली तर कापायला देठ उरलाच नव्हता. शेवंती वाटीत नुसती तरंगत होती. बाहेरच्या पाकळ्या तपकिरी, मध्ये अजून पिवळी. मी कात्री खाली ठेवली.

"आई, आता काय करू?"

"पाणी बदल," ती म्हणाली.

मी पाणी बदललं. आता भेटीच्या वेळेला निघायचं आहे.