मॅग्नेशियमचे दोन कुठं गेले

माझे बाबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते आणि घरी आल्यावरही त्यांची ड्यूटी संपत नसे. दूध पातळ लागलं की दूधवाल्यावर संशय, शेजारी हसून बोलले की त्यांचं काहीतरी काम असणार. विचारायच्या आत उत्तर देणाऱ्या प्रवाशाकडे हमखास तिकीट नसतं, असं ते सांगत.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात खांबाखांबावर कोचिंग क्लासच्या पाट्या लटकू लागल्या होत्या. मी दहावीत होते आणि तशाच एका क्लासला जायचे. रसायनात एरवी काठावर पास होणारी मी चाचणीत पहिली आले, तर बाबांना आनंद व्हायच्या ऐवजी वास आला. क्लासवाले पेपर आधीच सांगत असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. मला अकरावीला सायन्स हवं होतं. माझी परीक्षा आता ते स्वतः घेणार होते. घोकंपट्टी निघाली तर गुमान कॉमर्स.

त्यासाठी त्यांनी माझं पुस्तक वाचायला घेतलं. आयनांच्या प्रभारावरून सूत्र कसं लिहायचं, तो धडा. अ‍ॅल्युमिनियमवर तीन धन, ऑक्सिजनवर दोन ऋण. आकड्यांची तिरपी अदलाबदल करायची, याचा आकडा त्याच्या पायाशी आणि त्याचा याच्या, की झालं Al₂O₃. बाबा खूश झाले. नियम हाती आला होता, आता चोर सुटणार नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर मला समोर बसवलं. पहिलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच विचारलं, ते जुळलं. मग मॅग्नेशियम ऑक्साइड. मी झटकन MgO लिहिलं. बाबांनी शेजारी स्वतः करून पाहिलं. दोघांवरही दोन-दोन, अदलाबदल केली की Mg₂O₂. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फुकट्या प्रवाशाकडे ते असंच पाहत.

“मॅग्नेशियमचे दोन कुठं गेले?”

मी म्हटलं, कटले.

“काहून कटले? नियम आहे न पुस्तकात. तू पाठ करून लिहून राहिली.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. चिडले की मी हिंदीवर यायचे, तशी आले. दोन धन आणि दोन ऋण, एकास एक घेतलं तरी बेरीज शून्य होते, मग जास्तीचे कशाला, असं तावातावाने सांगितलं. बाबा ढिम्म. शेवटी मीच पान उलटलं. मागच्या बाजूला लिहिलंच होतं की दोन्ही आकड्यांना एकाच संख्येने भाग जात असेल तर तो द्यायचा. बाबांनी ते वाचलं, आणि मग पुस्तक उजेडात धरून ते पान नंतर चिकटवलेलं तर नाही ना, हे शिवण ताणून पाहिलं. आईला हसू आलं. मला मात्र रडू फुटलं.

बाबा संध्याकाळी पुस्तक बॅगेत टाकून ड्यूटीवर गेले. दुसऱ्या दिवशी परतले ते काळा कोट न काढताच दारातून म्हणाले, “निऑन आणि ऑक्सिजन. सांग सूत्र.”

NeO अगदी जिभेवर आलं होतं, पण मी ते गिळलं. बाबांचा आवाज फारच साधा होता. थोडं थांबून म्हटलं, “बनतच नाही, बाबा. निऑनवर प्रभारच नसतो.”

“हव,” ते म्हणाले. “घे सायन्स.”

निऑनचं ते वाक्य धड्याच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात होतं. क्लासच्या सरांनीही ते कधी वाचून दाखवलं नव्हतं. मॅट्रिकनंतर पुस्तकाला हात न लावलेल्या माणसाने धावत्या गाडीत अख्खा धडा वाचून काढला होता, मला पकडायला का होईना. मला त्यांची एकदम माया आली. विचारलं, चहा ठेवू का.

“काहून?” बाबा म्हणाले. “काय पाहिजे तुले?”