चिमटासाहेबांचं पार्सल

कस्टमच्या टपाल विभागात सगळे त्यांना चिमटासाहेब म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून आवडतही होतं. परदेशातून आलेलं पार्सल टेबलावर फोडलं की ते वरच्या खिशातून एक बारीक चिमटा काढत, कपड्याच्या शिवणीत, बुटाच्या जिभेखाली, पर्सच्या अस्तरात घालत आणि किमतीच्या चिठ्ठीचा राहून गेलेला तुकडा नेमका बाहेर ओढत. मग तो तुकडा खिडकीपलीकडच्या माणसासमोर धरून विचारत, "हे जुने कपडे का?" आवाज कधी चढवत नसत. समोरच्याचा चेहरा तेवढ्यानंच उतरायचा.

बाहेरच्या वस्तूंवर कर जबर होता, काही वस्तूंवर तर वस्तूच्या किमतीइतकाच. त्यामुळे नवीकोरी वस्तू 'वापरलेली, भेट म्हणून' असं लिहून मागवायची युक्ती ज्याला त्याला सुचायची, आणि ज्याला त्याला वाटायचं की ती जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचली. असल्या हुशारांच्या गोष्टी चिमटासाहेब रात्री जेवताना रंगवून सांगत. बुटाचा तळ बघायचा. वायरीची घडी बघायची, कारखान्यातली घडी एकदा मोडली की माणसाच्या हातानं पुन्हा तशी बसत नाही. डबीच्या बिजागरीला नवेपणाचा कडकपणा आहे का ते बघायचं. मुलगी लहान होती, ती डोळे मोठे करून ऐकायची. बायको म्हणायची, "पुरे झालं. जेवताना तरी सोडा त्या बिचाऱ्यांना."

एक गोष्ट मात्र त्यांच्या वैऱ्यांनीही कबूल केली असती. या माणसानं नोकरीभर कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. स्वतःच्या मेव्हण्याच्या पार्सलवर त्यांनी पूर्ण ड्युटी लावली, वर दंडही लावला, आणि मेव्हणा पुढे कित्येक वर्षं त्यांच्या घराची पायरी चढला नाही. बायकोनं तेव्हा बरंच ऐकवलं. ते एवढंच म्हणाले, "आज त्याला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू?" निवृत्त झाले तेव्हा घर लहान होतं, बचत बेताची होती, पण माथा उजळ होता. त्या उजळ माथ्याचा त्यांना गर्वही होता, तो लपवायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही.

निवृत्तीनंतर कान गेले. एकदम नाही, हळूहळू, आणि उरलंसुरलं मोडीत काढावं तसे शेवटी भराभर गेले. घरात याचं फारसं अडलं नाही. बायको खुणेनं बोलायची, आणि इतक्या वर्षांच्या संसारात बोलण्यासारखं नवीन उरतं तरी काय. अडलं ते नातीपाशी. मुलगी परदेशात राहायची. दर रविवारी फोनच्या पडद्यावर नात दिसायची, तोंड हलवायची, आणि आजोबा अंदाजानं "छान, छान" म्हणायचे. एका रविवारी ती काहीतरी लांबलचक सांगत होती. पोरगी गंमत सांगते आहे असं समजून आजोबा मनापासून हसले. तिचं मांजर मेलं होतं. पडद्यावर तिचा चेहरा आधी गोंधळला, मग वाकडा झाला, आणि ती उठून गेली. त्याच्या पुढच्या रविवारी मुलीनं लिहून पाठवलं, 'ती खेळते आहे, बाबा.' त्याच्या पुढच्या रविवारीही ती खेळतच होती.

तेव्हा ते स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. साध्या यंत्रानं भागण्यासारखं राहिलं नव्हतं. चांगलं यंत्र मुलीच्या देशात मिळत होतं. डॉक्टरांनी कानात गुलाबी लगदा भरून दोन्ही कानांचे साचे घेतले, ते मुलीला पाठवले, आणि तिथे त्या मापाची यंत्रं तयार झाली. खर्च मुलीनं केला. जावयासमोर आणखी हात पसरायची त्यांची तयारी नव्हती, तेव्हा ड्युटी आपण भरायची असं ठरलं. किती बसेल हे त्यांना विचारावं लागलं नाही. दर तोंडपाठ होता.

पाठ असायला कारणही तसंच होतं. फार पूर्वी एका व्यापाऱ्यानं गाणी ऐकायचे इअरफोन बहिऱ्यांची यंत्रं म्हणून आणले होते. चिमटासाहेबांनी ते पकडले आणि वर शिफारस केली की कानात घालायची कुठलीही विजेची वस्तू असो, तिला चैनीच्या वस्तूंचाच दर लावावा. शिफारस मान्य झाली. साहेबांचं कौतुक झालं. बायकोला हे चांगलं आठवत होतं. तिनं पाटीवर खडूनं लिहावं तसं हवेत बोट फिरवून 'चैन' असं लिहिलं आणि हसली. त्यांना हसू आलं नाही.

ड्युटी भरता आली नसती असं नाही. ठेव मोडली असती, थोडी ओढाताण झाली असती, निभलं असतं. पण जिवावर आलं. सरळ सांगायचं तर एवढंच झालं, त्याला दुसरं काही नाव नाही. नोकरीभर दुसऱ्यांच्या खिशातून जे बिनदिक्कत वसूल केलं, ते स्वतःच्या खिशातून काढायची वेळ आली तेव्हा हात मागे आला. त्यांनी मुलीला फोन लावला. ते बोलायचे आणि ती उत्तर लिहून पाठवायची, अशी त्यांची पद्धत पडली होती. ते म्हणाले, "बाळ, वर लिही की वापरलेलं आहे. भेट म्हणून."

पडद्यावर उमटलं, 'बाबा, तुम्ही सांगताय हे?'

त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. परत आले, आणि फोन कानाला न लावताच त्यात म्हणाले, "हो, मीच सांगतोय."

एकदा तोंड उघडल्यावर मग त्यांनी सगळंच सांगितलं. नवा खोका टाकून दे. डबी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर पर्समध्ये ठेवून चार दिवस हिंड. बिजागरी उघडमीट करून सैल कर. वायरीची घडी मोड आणि ओबडधोबड गुंडाळ. सगळी विद्या त्यांनी उलटी फिरवली. मुलीनं 'बरं' एवढंच लिहिलं.

पार्सल आल्याची सूचना आली तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बँकेचं कार्ड खिशात ठेवलं. का ठेवलं, हे बायकोनं डोळ्यांनी विचारलं. ते म्हणाले, "असू दे." टपाल विभागाच्या हॉलमध्ये तीच हिरवट भिंत होती, तेच मधोमध झिजलेलं लाकडी टेबल. खिडकीमागे आता त्यांचा चेला बसत होता. सगळे त्याला चिमट्याचा चेलाच म्हणत. नवा लागला तेव्हा साहेबांनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं, आणि तो शिकलाही होता. आताशा लोक साहेबांपेक्षा त्याला जास्त टरकून असतात असं त्यांच्या कानावर आलं होतं, म्हणजे कान होते तेव्हा.

त्यांना रांगेत बघताच चेला उठून उभा राहिला. बाहेर येऊन त्यांना आत घेऊन गेला आणि टेबलाशी खुर्ची दिली. रांगेतली माणसं बघत राहिली. साहेबांच्या अगदी मागे बसचालकाच्या गणवेशातली एक बाई होती, ती थोडी सरकली आणि खिडकीशी आली.

चेल्यानं पार्सल फोडलं. पाकिटावरचा मजकूर वाचला, साहेबांकडे बघितलं, पुन्हा वाचला. वायरीची घडी बघितली. डबी उघडून बिजागरी बोटानं हलवली. डबीवरचे ओरखडे उजेडात धरले. साहेब त्याचा हात बघत होते, आणि त्यांच्या मनात आलं की पोरगा बरोबर क्रमानं चालला आहे. त्याही अवस्थेत त्यांना त्याचा अभिमान वाटला, हे सांगायला हवं.

मग त्यानं एक यंत्र उचललं. ते कानाच्या आत बसणारं होतं, वळणावळणाचं, शिंपल्याच्या तुकड्यासारखं. तो ते फिरवून बघत राहिला. त्यानं ते स्वतःच्या कानाशी नेलं, तिथं ते मुळीच बसेना. मग तो साहेबांच्या कानाकडे बघत राहिला.

काहीतरी बोलला. साहेब म्हणाले, "काय?" तो जवळ सरकून पुन्हा बोलला. "काय?" आता ओरडावं लागलं असतं आणि हॉल भरलेला होता. चेल्यानं ओरडायचं टाळलं. दोन्ही यंत्रं तळहातावर धरून त्यानं पुढे केली आणि घाला अशी खूण केली. मुलीनं ती चार्ज करून पाठवली होती. ती कानात अशी बसली जणू कान त्यांचीच वाट बघत होते.

आधी पंख्याची घरघर आली. मग कुठेतरी शिक्का आपटला, कुणी खोकलं, खुर्ची सरकली. आणि मग माणसाचा आवाज आला, हलका, कानाशी.

"साहेब, हे तुमच्या कानाच्या मापाचं आहे. दुसऱ्या कुणी वापरलेलं असेल कसं?"

जगभरच्या हुशारांना पकडणारा माणूस साध्या मापावर तोंडावर पडला होता. वायर आठवली, डबी आठवली, बिजागरी आठवली, आणि आपलाच कान आठवला नाही. ड्युटी लाव, दंड लाव, एवढंच म्हणायचं होतं. कार्ड खिशात होतं. एखाद्या पाहुण्यानं दार उघडायची वाट बघावी तसा चेला त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

ते काही बोलले नाहीत.

चेल्यानं मान खाली घातली. "आता तुम्ही घातलंत ना," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "म्हणजे झालं वापरलेलं." त्यानं शिक्का मारला. जरा मोठ्यानं म्हणाला, "किंमत नाममात्र. ड्युटी नाही." आणि डबी त्यांच्याकडे सरकवताना अगदी हळू म्हणाला, "आजवर मी असं कुणाचं केलं नाही, साहेब. तुम्ही होतात म्हणून."

त्यांनी डबी घेतली, पिशवीत टाकली. दाराजवळच्या बाकापर्यंत गेले आणि पिशवीचे बंद बांधायचं निमित्त करून तिथे टेकले. खिडकीशी आता बसचालक बाई होती. त्यांना सगळं ऐकू येत होतं, अक्षर न् अक्षर.

"जुने बूट, असं लिहिलंय," चेला म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता. तो आवाज साहेब ओळखत होते, तो त्यांचाच होता. "तळाला जरा धूळ तरी दाखवा."

"माझ्या वडिलांचा एक पाय आखूड आहे, साहेब. मुद्दाम त्यांच्या मापाचे करून घेतलेत. भावानं पाठवले."

"मापाचे करून घेतले, मग जुने कसे?"

"भाऊ म्हणाला, तसं लिहिलं की सुटतात."

"सुटत नाहीत. पूर्ण ड्युटी आणि खोटं लिहिल्याचा दंड. भरणार नसाल तर परत पाठवतो."

तिनं जोडीतला एक बूट उचलून परत ठेवला. मग म्हणाली, "पगार होईपर्यंत ठेवता येईल?" चेला म्हणाला की नियमात जेवढे दिवस बसतात तेवढे ठेवू. बुटांची जोडी पुन्हा खोक्यात गेल्याचा आवाज आला, एक हलका, दुसरा जाड तळाचा, जड.

ती बाहेर पडताना बाकापाशी थांबली. यंत्रं कानात जाताना चेल्याची पाठ आड आली होती, पण शिक्का मारलेला तिनं पाहिला होता, 'नाममात्र' ऐकलंही होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काका, तुमचं कसं सुटलं हो? कुणाशी बोलायचं असतं? मला सांगा ना."

चिमटासाहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग हात वर नेला, कानावर ठेवला आणि मान हलवली.

"ऐकू येत नाही का, काका?" ती वाकली आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं म्हणाली, "तुमचं, पार्सल, कसं, सुटलं?" आवाज इतका स्वच्छ होता की कानात दुखलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. हात कानावर तसाच घट्ट होता, आतलं यंत्र दिसू नये म्हणून; दुसरा कान भिंतीकडे होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "चला, मी उतरवून देते तुम्हाला. पायऱ्या उंच आहेत." तिनं त्यांच्या कोपराला धरलं. एकेक पायरी ती आधी उतरत होती आणि त्यांचा पाय टेकेपर्यंत थांबत होती. आखूड पायाच्या माणसाला उतरवायची तिला सवय असणार. उतरता उतरता ती आपल्याशीच बोलत होती, शेजारच्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही अशा खात्रीनं. "बाबांना काय सांगू आता? सकाळपासून दारात बसले असतील."

रस्त्यावर पोचल्यावर तिनं त्यांचा हात सोडला. आणि चिमटासाहेब, बहिरी माणसं बोलतात तसं मुद्दाम ओरडून म्हणाले, "उपकार झाले हं, बाई."