दहा जीबीत मावतील तेवढी स्थळं

फुकट मिळालेल्या वस्तूचा माझ्या मामांइतका मान राखणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बाकीचे लोक फुकटची वस्तू फुकटासारखीच वापरतात. कॅलेंडर मिळालं की त्याच्या मागच्या बाजूवर दुधाचा हिशेब, पिशवी मिळाली की तिच्यात कांदे. मामांना एकदा फुकटात डेटाबेस मिळाला, आणि त्या एवढ्याशा भांडवलावर त्यांनी तालुक्याची लग्नं लावायला घेतली.

मामा म्हणजे आईचे सगळ्यात धाकटे भाऊ. नांदूरघाटला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. शेजारी सलीमभाईंचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, मधली भिंत इतकी पातळ की इकडे शिंकलं तर तिकडून दुवा येते. दुकानात लोक मुलामुलींचे बायोडाटे टाइप करून घ्यायला यायचे. एवढे बायोडाटे येतात आणि जातात, मग ते एकमेकांना भेटत का नाहीत, असा प्रश्न मामांना पडला. त्यांनी कुठलासा व्हिडिओ पाहून एका मोठ्या कंपनीच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती उतरवून घेतली आणि ‘स्थळे’ नावाचं टेबल तयार केलं. मी लातूरला एका पतसंस्थेत कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे मला या प्रकाराचं थोडंफार कळतं. या फुकट आवृत्तीत पैसेवाल्या आवृत्तीतलं बहुतेक सगळं असतं. टेबलं तीच, शोधायची भाषा तीच, शिस्त तीच. फक्त तीन-चार ठिकाणी कंपनीने हात आखडता घेतलेला असतो. मामांचं म्हणणं असं की हा आखडता हात म्हणजेच आशीर्वाद आहे. “फुकटात एवढं देतेत,” ते म्हणतात, “अन् वरून तक्रार कावून करायची बे?”

पहिली अडचण जागेची. एक डेटाबेस दहा जीबीच्या पुढे वाढू द्यायचा नाही, असा तिचा नियम. नुसती अक्षरं असती तर दहा जीबीत सगळा मराठवाडा झोपला असता, पण आजकालचा नवरदेव एका फोटोत मावत नाही. एक मोटारसायकलवर, एक ट्रॅक्टरवर, एक गॉगल लावून शेततळ्यापाशी, एक शर्ट खोचून पाहुण्यांना दाखवायला. फोटो बाहेर साध्या फोल्डरमध्ये ठेवा, असं मी मामांना परोपरीनं सांगितलं. “फोल्डरात टाकलेलं लेकरू पोरकं होतंय,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग उपाय एकच उरला. लग्न लागलं की ते स्थळ पुसायचं, म्हणजे तेवढी जागा पुढच्याला. त्यामुळे गंमत अशी झाली की जागा कमी पडायला लागली की मामा लग्नं जमवायला पेटून उठायचे. भरत आलं की फटफटी काढून नवऱ्याच्या घरी, तिथून नवरीच्या घरी, आणि दोघांच्या मामांना चहा पाजून बोलणी पक्की. एरवी माणसं पुण्य म्हणून लग्नं जमवतात, मामा डिस्क रिकामी करायला जमवायचे. एका लग्नात सगळे जोडप्याला ‘अष्टपुत्रा’ वगैरे म्हणत होते, तेव्हा मामांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, “लई फोटो होते बाबा तुझे. मोकळं वाटायलंय बघ.”

दुसरी अडचण मेमरीची. मामांनी दुकानात चांगलं तगडं मशीन आणलं, पण ही आवृत्ती त्यातली मेमरी जेमतेम चवीपुरती वापरते. घराला सोळा खोल्या असल्या तरी हा पाहुणा ओसरीवरच झोपणार. त्यामुळे एखाद्या मुलीसाठी स्थळ शोधायला लावलं की मशीन बराच वेळ घरघरत बसतं. मामा तोवर चहा सांगतात. मुलीकडचे बाकड्यावर बसलेले असतात, दुसऱ्या बाकड्यावर मुलाकडचं कोणीतरी आपला नंबर यायची वाट पाहत असतं. गाव कोणतं, तिथले अमुक तुमचे कोण, असं करता करता मशीनचं उत्तर यायच्या आत बाकड्यावरच जमून गेलेलं असतं. पुष्कळ लग्नं अशीच जमली, आणि त्या सगळ्यांचं श्रेय मामांनी बिनदिक्कत डेटाबेसला दिलं.

तिसरी गोष्ट बॅकअपची. विकतच्या आवृत्तीत एक अदृश्य कारकून असतो, तो ठरल्या वेळी आपोआप बॅकअप, म्हणजे सगळ्या नोंदींची त्या घडीची प्रत घेतो. फुकटात हा कारकून मिळत नाही. म्हणून दिवेलागणीला लोक देवापुढे दिवा लावतात तेव्हा मामा दुकानात बॅकअप घेतात, आणि तो चुकवण्यासाठी आजवर त्यांना कोणतंही कारण पुरलेलं नाही. माझ्या चुलत बहिणीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मामांनी घड्याळ पाहिलं. हातात अक्षता तशाच घेऊन ते फटफटीला किक मारून निघून गेले. परत आले तेव्हा पंगत बसली होती. मामा शांतपणे चालत गेले आणि मुठीतल्या घामेजलेल्या अक्षता जेवणाऱ्या नवरदेवाच्या डोक्यावर टाकल्या. निम्म्या वरणात पडल्या.

अडलं तर कंपनीला फोन करायची सोय फुकटवाल्यांना नसते. जगभरचे वापरणारे एका साइटवर एकमेकांच्या अडचणी सोडवतात, तेवढाच आधार. मामांनी तिथे आपल्या इंग्रजीत प्रश्न टाकला की माझी मुलं माझ्या मुलींशी जुळत नाहीत, कृपया तातडीने मदत करा. कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसाने उत्तर पाठवलं, ‘दोन्ही बाजूंचे प्रकार सारखे आहेत का, ते आधी तपासा.’ तो रकान्यांतल्या माहितीबद्दल बोलत होता, पण मामा किती तरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या आईबापांना हे वाक्य ऐकवायचे. “त्या गोऱ्याला तिकडं बसून कळलं, तुमाला कळंना!”

आणि तो ‘नल’! डेटाबेसमध्ये रिकाम्या रकान्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे माहीत नाही. हा फरक समजायला मला कॉलेजात एक सत्र लागलं होतं. मामांनी तो हुंड्याच्या बोलणीत बसवला. लिंबागणेशचे एक मुलाचे वडील आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “आमची काही अपेक्षा न्हाई.”

“न्हाई म्हंजे शून्य का नल?” मामांनी विचारलं.

“म्हंजे?”

“शून्य म्हंजे खरंच काही न्हाई. नल म्हंजे हाय, पर अजून तोंडातून निघालं न्हाई.”

“नळाचं काय सांगावं,” ते गृहस्थ म्हणाले, “आठ दिसाला येतंय पाणी.”

मामांनी ‘नल’ लिहिलं. पुढे साखरपुड्यात त्या गृहस्थांनी चारचाकीचा विषय काढला, तेव्हा मामा भर मांडवात, “म्हणलो न्हवतो का!” म्हणून उभे राहिले. ते लग्न मोडलं, आणि मुलीच्या आईने मामांना पुरणपोळीचं जेवण घातलं.

या सगळ्या भाऊगर्दीत पहिली ओळ होती ती खुद्द मामांची. आधी बहिणींची लग्नं, मग आजोबांचं लांबलेलं आजारपण, यात मामांचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आई दर भेटीत त्यांना बोलायची, “लोकांचे डबे जोडतोयस, तुझं इंजिन कधी निघायचं?” मामा हसून उडवायचे. पण दर दिवाळीला नवा शर्ट घालून एक फोटो काढायचे आणि आपल्या ओळीत टाकायचे. जुने काढायचे नाहीत. वयाच्या रकान्यात मात्र बेचाळीस लिहिलेलं, ते बेचाळीसच राहिलं. मी एकदा छेडलं, तर गंभीरपणे म्हणाले, “फुकट आवृत्तीत वय वाढत न्हाई.” हे साफ खोटं आहे. अशी सोय असती तर अख्ख्या जगाने फुकट आवृत्तीच घेतली असती.

यंदाच्या लगीनसराईत मी सुट्टीला म्हणून नांदूरघाटला गेलो, तेव्हा मशीनने हात वर केले होते. दहा जीबी काठोकाठ भरलेले, नवीन ओळ घेईना. पुढच्या महिन्यात दोन लग्नं होती, तोवर मामांनी नवीन नोंदी बंद ठेवल्या होत्या. बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. युसूफ वडगावला शिवणकाम करतात, चाळिशीच्या आसपास. एकट्याच होत्या.

“नाव लावायचं हाय.”

“लेकीचं का?” मामांनी विचारलं.

“माझंच. मालक जाऊन लई वर्षं झाली.”

भिंतीपलीकडे सलीमभाईंचा पाना वाजायचा थांबला. मामांनी उगाच कीबोर्डवरची धूळ झटकली आणि म्हणाले, “जागा भरलीय बाई. पुढच्या महिन्यात दोन लग्नं हायेत, तवा या.”

“माझा एकच फोटो हाय,” बाई म्हणाल्या. “तेवढ्याला बी जागा न्हाई का?”

मामा स्क्रीनकडे वळले आणि पुसण्याजोगं कोणी आहे का पाहू लागले. हा नको, याचा बाप मागच्या आठवड्यात रडून गेला. ही नको, हिला पाहायला येणार आहेत. कोणाचे नुसते फोटो कमी करावे, तर घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. खाली गेले, पुन्हा वर आले, आणि पहिल्या ओळीवर थांबले. मी “मामा, थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा. सगळ्या दिवाळ्या, सगळे नवे शर्ट गेले. मामांनी आपलेच चार फोटो कमी केले असते तरी भागलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या वेळी कोणालाच काही सुचलं नाही.

बाईंचं नाव लागलं, फोटो लागला. अपेक्षा विचारल्यावर त्या चटकन म्हणाल्या, “ह्याच भागातला पायजे. चाळिशीच्या पुढचा, विधवा चालंल म्हणणारा. अन् बोलता पायजे. घरात बोलायला कुणी न्हाई मला.”

“बोलता का मुका, ते मशीनला कळत न्हाई,” मामा म्हणाले आणि बाकीचं भरून शोधायला लावलं. मशीन घरघरलं, चहा आला, संपला. उत्तर आलं, शून्य ओळी. मामांनी पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. या अटींत बसणारं एकच स्थळ त्या डेटाबेसात होतं, आणि ते त्यांनी थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. बाई म्हणाल्या, “बरं, सापडलं तर सांगा,” आणि पिशवी उचलून गेल्या.

बाई वळणावर दिसेनाशा होताच सलीमभाई काळे हात पुसत आत आले. “मामू, एक तो था ना अंदर? कल शाम का बॅकअप हय ना, वापस लाओ.”

“कालचा बॅकअप लावला तर मी येतो,” मामा म्हणाले, “पर बाई जातेत.”

मी म्हणालो, किंमत जबर असली तरी हप्त्याने का होईना, मी विकतची आवृत्ती घेऊन देतो. “कावून?” मामा माझ्यावर खेकसले. “दोघं मावावं म्हणून?” आणि त्यांचे कान लाल झाले.

पुढे ती दोन लग्नं झाली, जागा झाली. मामांनी स्वतःला काही परत घातलं नाही. मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, “ती येती, मी शोधायला लावतो, अन् त्यात मीच निघायलो, तर बरं दिसतं का ते? दुकानदारानंच आपला माल पुढं केल्यावानी.” मला त्यांचा भयंकर राग आला. दुसऱ्याच्या वतीने मांडवभर बोलणारा हा माणूस स्वतःपुरतं एक वाक्य बोलायला तयार नव्हता. बाई मात्र दर बाजाराला यायच्या, मामा शोधायला लावायचे, शून्य यायचं, आणि त्या जायच्या. असं किती दिवस चालणार या काळजीने माझीच झोप उडाली. शेवटी न राहवून मी रजा टाकून गेलो.

त्या दिवशीही त्या आल्या. मामांनी लगेच माउस धरला.

“मशीन राहू द्या,” बाई म्हणाल्या. “माझ्यासाठी एक स्थळ काढून टाकलं म्हणं तुमी. सलीमभाईंनी सांगितलं. त्याचं काय ते तोंडी सांगा.”

भिंतीपलीकडे कसलाही आवाज नव्हता. मामांनी आजवर शेकडो पोरांना या बाकड्यावर ताठ बसायला लावून नाव, शिक्षण, शेती खणखणीत आवाजात सांगायला शिकवलंय. ते माझ्याकडे बघायला लागले. लहानपणी मी इंजेक्शनच्या आधी त्यांच्याकडे असंच बघायचो. मला इतकं भरून आलं की तिथे थांबवेना. मी उठलो आणि पायरीवर चपला घालायला बसलो.

“आधी नाव सांगा,” बाई म्हणाल्या.

मग मामांनी नाव सांगितलं, स्वतःचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. गाव त्यांना मामा म्हणतं, सलीमभाई मामू म्हणतात, आईसुद्धा आमच्या देखत मामाच म्हणते. त्यांना नाव आहे हे मी पार विसरून गेलो होतो.