सुलाबाईंनी न केलेली सही

“सातबारा आणलाय. सोमवारी त्यांच्या कागदावर सही करायची हाय. करू का, तेवढं सांगा.”

सुलाबाई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून मोकळ्या झाल्या. पिरंगुटला हार्डवेअरच्या दुकानाच्या वर माझं वकिलीचं ऑफिस आहे. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा सही करून झाल्यावर येतात आणि मग विचारतात, आता काय करायचं. सहीच्या आधी आलेली बाई बघून मला त्यांना चहाच पाजावासा वाटला. पाजलाही.

“कुणाच्या कागदावर, मावशी?”

“वसुलीवाल्यांच्या. नितीननं कर्ज काढलंय. मी त्याची आई, म्हून माज्या जमिनीवर बोजा चढवायचा म्हणत्यात.”

“नितीन तुमचा मुलगा?”

“न्हाई. भाडेकरू.”

मी पेन खाली ठेवलं.

जवळच्याच भरे गावात सुलाबाईंच्या घरामागे पाच खोल्या आहेत. कंपन्यांत, ऑफिसांत काम करणारी बाहेरगावची मुलं तिथे भाड्याने राहतात. भाडं एक तारखेला द्यायचं, बाहेर राहणार असाल तर सांगून जायचं, आणि घरमालकिणीला आई म्हणायचं, अशी तिथली पद्धत. हिंगोलीचा नितीन बावधनला एका ऑफिसात अकाउंट्स बघायचा. त्यानेही फोनमध्ये सुलाबाईंचा नंबर ‘आई’ म्हणून सेव्ह केला होता.

पुढे त्याने एका ॲपवरून कर्ज घेतलं. ॲपने फोनमधली नावं-नंबर बघायची परवानगी मागितली, याने न वाचता ‘अलाऊ’ दाबलं. तुम्ही-आम्ही रोज दाबतो तसंच. मग नोकरी गेली, हप्ते थकले आणि वसुली एजंटांनी त्या यादीतून नेमकी ‘आई’ शोधली. पहाटे सहापासून फोन. मग दोघे जण बाइकवरून येऊन ओट्यावर बसायला लागले. ‘पोराला हेच शिकवलं का’ असं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सातबारा आणि स्टॅम्प पेपरवर सही, ही नवी मागणी होती.

खरं सांगते, मला हे दहा मिनिटांचं काम वाटलं. मी लगेच कंपनीला पत्र टाइप केलं. श्रीमती सुलाबाई या कर्जदाराच्या आई नाहीत, त्यांचं कर्जदाराशी कोणतंही नातं नाही, तो केवळ भाडेकरू आहे, सबब त्यांना त्रास देणं थांबवावं. माझ्यावरच खूश होऊन मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“मी ह्याच्यावर सही करणार न्हाई,” सुलाबाई म्हणाल्या.

“अहो, पण खरं तेच तर लिहिलंय!”

“खरं हाय. पर मी आई न्हाई म्हणल्यावर ती मान्सं गप बसतील व्हय? त्याची खरी आई हुडकीत जातील. ती बिचारी तितं एकटी हाय, नवरा गेल्यापास्नं. मला चार शेजारी हायेत, मी त्यांना दोन शिव्या तरी देतीया. तिनं काय करायचं?”

एवढी वर्षं वकिली करून हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्या पत्राने माझी पक्षकार सुटली असती आणि ती बाइक हिंगोलीकडे वळली असती. मला माझी लाज वाटली.

नितीनला बोलावून घेतलं. खाली मान घालून बसला. त्याच्या खऱ्या आईकडे फोन नव्हता. घराशेजारच्या दुकानदाराच्या फोनवर तो तिच्याशी बोलायचा आणि तो नंबर ‘किराणा’ म्हणून सेव्ह होता, म्हणून ती वाचली होती.

“मॅडम, मी एजंटांना सांगायला पाहिजे होतं की ह्या माझ्या आई नाहीत. तोंडच उघडलं नाही. ह्यांना शिव्या पडत होत्या अन् मी खोलीत बसून ऐकत होतो.”

“मीच त्याला बोलू नको म्हणलं व्हतं,” सुलाबाईंनी त्याचं बोलणं तोडलं. “रडू नको आता. तोंड पूस.”

मी पहिलं पत्र फाडलं. मग जे आधीच सुचायला हवं होतं ते लिहायला घेतलं. आई आहे की नाही, हा मुद्दाच नव्हता. कर्ज फेडायची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याची, आणि जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेल्याची. सख्ख्या आईनेही सही केली नसेल तर तिच्याकडे मागता येत नाही. नातेवाईक, शेजारी, ओळखीचे यांना फोन करून कर्जदाराची अब्रू काढणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांना धरून नाही. कर्जाच्या ॲपने फोनमधली नावांची यादी उचलणंही नाही. म्हणून नवीन पत्रात लिहिलं, ‘श्रीमती सुलाबाई या कर्जदाराच्या कोणीही असोत, कर्जदाराचे अन्य कुटुंबीय कुठेही असोत, त्यांच्याशी वसुलीसाठी संपर्क साधू नये.’

वाचून दाखवलं. सुलाबाईंनी तेवढं एक वाक्य परत वाचायला लावलं आणि मगच सही केली.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने गेलं. या अधिकाऱ्याचं नाव कंपनीच्या वेबसाइटवर असावं लागतं. आम्हालाही ते सापडलं, फक्त शोधायला अर्धा तास लागला. फोनचं रेकॉर्डिंग जोडून पोलिसांना अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर पोच घेतली. पोचेशिवाय अर्ज देऊ नका, हे मी नात्यातल्या लग्नातसुद्धा लोकांना सांगत असते.

सोमवारी सकाळी साडेसातला मी भऱ्याला सुलाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. बाइक आली. दोघेही विशीतले, एकाच्या हातात स्टॅम्प पेपर.

“आयकार्ड दाखवा,” मी म्हणाले.

“आपण कोण?”

“यांची वकील. आयकार्ड?”

“ते... ऑफिसात राहिलं मॅडम.”

“कंपनीने तुम्हाला नेमल्याचं पत्र?”

“व्हॉट्सॲपवर येतं आम्हाला.”

“मग ते दाखवा. आणि किती वाजलेत? आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोनही करायचा नसतो, हे सांगितलंय का कुणी?”

दुसऱ्याने पहिल्याकडे बघितलं. “आम्हाला टार्गेट असतं, मॅडम.”

ते ऐकून मला त्यांची कीवही आली, पण दाखवली नाही. अर्जाची पोच पुढे धरली. पहिल्याने तिचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला. जरा वेळाने त्याचा फोन वाजला. तो नुसता ‘हो सर, हो सर’ म्हणत राहिला आणि स्टॅम्प पेपर डिकीत टाकून दोघे निघाले. सुलाबाई मागून ओरडल्या, “च्या घ्या की! आता कुटं पळताय?”

नितीनवर माझा राग होताच, तो मी काढला. हक्क आहेत म्हणजे कर्ज माफ झालं असं नव्हे. नवीन नोकरी लागल्यावर छोटे हप्ते पाडून द्या, असं पत्र त्याच्याकडून लिहून घेतलं. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नसतं, किंवा दिलेलं पटलं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता आली असती. ती वेळ आली नाही. उत्तर आलं. हप्ते मान्य, एजंट बदलला, आणि शेवटी एक ओळ, ‘कर्जदाराच्या मातोश्री श्रीमती सुलाबाई यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.’

“मावशी, चूक आहे ही. दुरुस्ती कळवू का?”

“कशाला? बराबर लिवलंय की.”

दिवाळीनंतर नितीनची आई भऱ्याला आली. मी कामासाठी तिकडे गेले होते, सुलाबाईंनी हाक मारून बसवलं. दोघी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. नितीनच्या आईने विचारलं, ह्या कोण?

“ह्या व्हय? आपल्या वळखीच्या हायेत,” सुलाबाई म्हणाल्या. “वकील हायेत, पर आपल्याला काय कधी वकील लागला न्हाई.”

कर्जाचं तिच्या कानावर घातलेलं नाही हे ओळखून मी मान डोलावली आणि शेंगा सोलायला घेतल्या. तेव्हापासून पत्र टाइप केलं की प्रिंट काढायच्या आधी मी ते पक्षकाराला वाचून दाखवते. कायदा मला येतो, पण घर त्यांचं असतं.