दहाची गोळी

“मंग काय, माझ्या मायनं मले न वळखताच जावं का?” अंजूचा आवाज अंगणापर्यंत आला.

“वळखलं ना तिनं? वळखल्यावर काय म्हनली, तेही सांगा तुमच्या भावाले.” रंभा नुकतीच बाजारातून आली होती. भाजीची पाटी तिने तशीच दारात टाकली होती.

आष्टीहून आलेल्या अंजूने, रंभाच्या नणंदेने, सकाळची दहाची गोळी आईला दिलीच नव्हती. आईने गोळीच्या गुंगीतून डोळे उघडावेत, दोन शब्द बोलावेत, एवढंच तिला हवं होतं. बारा वाजता मंदाबाईने लेकीला नावाने हाक मारली, आणि मग एकच धोशा लावला, गोळी दे. रंभा आली तेव्हा मंदाबाई कळ सोसत पदराचा बोळा दातांत धरून होती. रंभाने आधी गोळी दिली, मग तोंड उघडलं.

“अफूच असते ते, वैनी. सवय लागन तिले.”

“लागू द्या. किती दिवस राह्यले तिचे?”

दोन हजार तीनचा उन्हाळा होता. मंदाबाईचा कॅन्सर छातीतून पाठीच्या हाडांत उतरलेला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून देताना बजावलं होतं, दुखायची वाट पाहायची नाही, दर चार तासांनी द्यायची. तेव्हापासून रंभाची झोप तुकड्यातुकड्यांची झाली होती.

अठरा वर्षं ती सासूशेजारी भाजीच्या दुकानात बसली. वांगी दाबून पाहणाऱ्या बाईला मंदाबाई म्हणायची, “वांगं घेऊन राह्यली ना, नवरी पाहाले आली का?” रंभा वजनात चुकली की चारचौघांत तिचाही उद्धार व्हायचा. आता त्याच बाईचं हगणंमुतणं रंभा काढत होती. जीव लागला होता का, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगायचं त्राण नव्हतं.

येणारा प्रत्येकजण खाटेवर वाकून विचारायचा, “मले वळखलं का?” उत्तर आलं नाही, की रंभाकडे संशयाने पाहायचा.

“दोघीही चूप राहा न आता,” रंभाचा नवरा श्रावण म्हणाला. “माय आयकून राह्यली.”

मंदाबाई ऐकत नव्हती. तिच्या दातांतला पदर सैल झाला होता. अंजू भिंतीकडे तोंड करून रडत होती.

“उद्यापासून दुकानात तुमी बसा,” रंभा नवऱ्याला म्हणाली. “मी घरी राहतो. गोळ्या माझ्याजवळ राहतीन. कोनी भेटाले आलं तर बसावं, च्या घ्यावा. तिले उठवाचं नाई.”