निवृत्ती गुरुजींची औटकी

उंद्रीचे निवृत्ती गुरुजी चौथी पास. हसू नका! त्यांच्या बापाच्या काळी धूळपाटीवर चार अक्षरं गिरवलेला माणूसही शहाण्यात गणला जाई. चौथी म्हणजे डोक्यावरून पाणी. गुरुजींनी तीस वर्षं पोरांकडून दीडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, घोकून घेतली. पाटीवर कुणी आकडेमोड केली की छडी बसलीच. "डोक्सं कशाले देलं बे देवानं? टोपी घालाले?"

मग वरून हुकूम आला: मास्तरकीला सातवी पाहिजे. नसेल त्यानं बुलढाण्याला येऊन परीक्षा द्यावी, नाहीतर घरी बसावं. पन्नाशीचे गुरुजी मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत जाऊन बसले.

गणिताचा पेपर पाहून त्यांना बरंच वाटलं. माणशी साडेतीन शेर ज्वारी, माणसं सतरा. त्यात करायचं काय? सतरा औटे साडेएकोणसाठ! दहाही उत्तरं लिहून ते सगळ्यांआधी उठले.

परीक्षकानं कागद उलटून पाहिला. "रीत कुठाय?"

"रीत कशाले, साहेब? उत्तर पाहा ना."

"बरोबर आहे, म्हणूनच विचारतो. कोणाचं पाहून लिहिलं?"

"तोंडी विचारा मले."

"तोंडी परीक्षा नाही."

पोरं फिदीफिदी हसली. गुरुजींना राग यायला हवा होता. आलाच नाही. चपला घालून ते गावाच्या वाटेला लागले.

महिन्याभरात नापासाचा कागद आला, मागोमाग ट्रेनिंग केलेले पंजाबराव मास्तर. गुरुजींनी शाळेची किल्ली दिली, हजेरीपट दिला आणि घरी येऊन जेवायला बसले. बायको सत्यभामाबाई मात्र रडत होती. "तुमाले काहीच कसं वाटत नाही हो?"

"भाजी अळणी आहे," गुरुजी म्हणाले.

एक दिवस चौथीतली नात कोकिळा शाळेतून आली ती तळहात फुंकतच. आठ उत्तरं बरोबर, आठ छड्या.

"आबा, मास्तर म्हंते रीत लिही. कशी लिवते, दाखवा ना."

गुरुजींनी पाटी मांडीवर घेतली. उदाहरण वाचलं. उत्तर तर लगेच सुचलं. त्याच्या आधीचं काही म्हणता काही सुचेना.

"मले नाही येत, पोरी. मास्तरलेच विचार."

कोकिळा त्यांच्याकडे बघतच राहिली. "मंग लिवली की आमाले काऊन मारत होते तुम्ही?"

त्या रात्री, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, गुरुजी जेवायला बसले नाहीत.